दोन शहरांमधले अंतर आणि विमानाचे तास

आईला घेऊन मी पहिल्यांदा लांबच्या विमानप्रवासाला निघाले, तेव्हा तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १० आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी ७ अशी छापलेली होती. दहा ते सात म्हणजे नऊ तास, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि आईच्या दर आठ तासांनी घ्यायच्या गोळ्यांपैकी एकच गोळी हातातल्या पर्समध्ये ठेवली. बाटली मोठ्या बॅगेत गेली आणि बॅग विमानाच्या पोटात. आम्ही पश्चिमेकडे निघालो होतो आणि दोन्ही शहरांच्या घड्याळांत सात तासांचा फरक होता, त्यामुळे तो प्रवास प्रत्यक्षात सोळा तासांचा होता. निघण्याआधी रात्री आठची गोळी घेऊन झाली होती, पहाटे चारची पर्समध्ये होती आणि दुपारी बाराची आमच्या पायाखाली कुठेतरी सामानात होती. समोरच्या पडद्यावर उरलेल्या वेळेचा आकडा वाचला, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. बॅग हातात येईपर्यंत गोळीला तीन तास उशीर झाला. आईला सुदैवाने काही त्रास झाला नाही, पण उतरेपर्यंत माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हापासून लांबच्या प्रत्येक प्रवासाआधी मी एका कागदावर तीन आकडे लिहून काढते: दोन शहरांमधले अंतर, जाण्याचे खरे तास आणि येण्याचे खरे तास. पहिल्या आकड्याला विमानाच्या वेगाने भागले की उरलेले दोन्ही मिळतात, असे पूर्वी मलाही वाटत असे. तसे होत नाही. अंतर पृथ्वीच्या आकारावरून ठरते आणि ते बदलत नाही; तास मात्र वारा, देशांच्या हद्दी, इंजिनांविषयीचे नियम आणि वेळापत्रक आखणारी माणसे मिळून ठरवतात, आणि म्हणून जाण्याचे तास वेगळे, येण्याचे वेगळे.

तिकिटावरच्या वेळांमधून खरे तास काढण्याची रीत सोपी आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात, म्हणून आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. ऑकलंडहून रात्री आठला निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला दुपारी एकच्या सुमारास पोहोचू शकते, म्हणजे कागदोपत्री निघण्याच्या सात तास आधी. जूनमध्ये ऑकलंडचे घड्याळ जागतिक वेळेच्या १२ तास पुढे असते आणि लॉस एंजेलिसचे ७ तास मागे, तेव्हा दोहोंमध्ये १९ तासांचा फरक पडतो. रात्री आठपासून ऑकलंडचे सकाळचे आठ वाजेपर्यंतचे बारा तास उड्डाणात जातात, आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे तारीख मागे येते. शिवाय हा फरकही वर्षभर सारखा राहत नाही. सिडनी आणि लंडन या दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, परंतु एकीकडे उन्हाळा असताना दुसरीकडे हिवाळा असतो, त्यामुळे त्यांच्या घड्याळांतला फरक वर्षातून कधी ९, कधी १० आणि कधी ११ तास असतो. मागच्या प्रवासाचा हिशेब या वेळी जसाच्या तसा उतरवून घेऊ नये, हे मी याच उदाहरणावरून शिकले.

आता अंतराकडे वळते. माझी दहा वर्षांची भाची एकदा भिंतीवरच्या नकाशासमोर पट्टी घेऊन उभी होती. बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणून तिने पॅसिफिकवरून एक आडवी सरळ रेघ ओढली होती. मी तिला कपाटावरचा तीस सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल काढून दिला आणि शिवणाचा दोरा दिला. आधी तिने दोरा अक्षवृत्ताला धरून चिकटवत नेला. तो मोजला तेव्हा ३४ सेंटीमीटर भरला. मग मी तिला दोऱ्याची दोन्ही टोके त्या दोन शहरांवर बोटांनी दाबून दोरा ताणायला सांगितला. तो सरसर वर सरकला आणि आर्क्टिक महासागरावरून, उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून गेला. या वेळी तो २६ सेंटीमीटर होता.

“मावशी, हा वरून का जातोय? वर तर बर्फ आहे ना?”

“तू फक्त ताणलास, जागा त्यानं स्वतः शोधली. यापेक्षा जवळची वाट गोलावर नाहीच.”

तिने तीन वेळा दोरा सोडून पुन्हा ताणून पाहिला. त्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, तेव्हा अक्षवृत्ताच्या वाटेने अंतर १४,४०० किलोमीटरच्या आसपास आणि ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने ११,०००. सूत्राने काढले तरी हेच आकडे येतात. ज्या वर्तुळाचा केंद्रबिंदू पृथ्वीच्याच केंद्राशी असतो, त्याला बृहद्वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात, आणि ताणलेला दोरा नेमका त्याच वर्तुळाचा तुकडा असतो. भिंतीवरचा नकाशा बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९ सालच्या पद्धतीने काढलेला असतो. ती पद्धत जहाजांसाठी होती. एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट तिच्यात सरळ रेघ म्हणून उमटते, ही तिची खरी सोय, आणि त्या सोयीसाठी ध्रुवांकडचे प्रदेश तिने ताणून मोठे केले आहेत. विमानाच्या पडद्यावर आपला मार्ग कमानीसारखा वर गेलेला दिसतो तो याच कारणाने. तेथे वैमानिकाने वळसा घेतलेला नसतो, कागदाने घेतलेला असतो.

पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. हा आकडा इतका गोल कसा, याचे कारण मला फार आवडते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तेव्हा विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशी त्याची व्याख्या होती. म्हणून ध्रुवापर्यंत १०,००० किलोमीटर, परिघ ४०,००० आणि सर्वांत दूरची जागा २०,००० वर. माद्रिद आणि वेलिंग्टन ही शहरे या टोकाच्या फार जवळ जातात. त्यांच्यातले अंतर सुमारे १९,८५० किलोमीटर आहे. वैमानिक वापरतात तो सागरी मैलही पृथ्वीवरूनच घेतलेला आहे: अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, १,८५२ मीटर.

निरनिराळ्या ठिकाणी एकाच जोडीचे अंतर थोडे वेगळे दिलेले आढळते. त्यात कोणाची चूक असतेच असे नाही. पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल मानले की एक उत्तर येते. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे धरले की काही किलोमीटरांनी दुसरे येते. आणि कोणी शहराच्या मध्यापासून मोजते, कोणी धावपट्टीपासून. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात या फरकाचा वेळेवर काहीच परिणाम होत नाही, म्हणून मी त्याच्या मागे लागत नाही.

अंतर हाती आले की पहिला ढोबळ अंदाज बांधता येतो. लांब पल्ल्याची आजची विमाने उंचावर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने उडतात आणि तिथल्या थंड हवेत हा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास भरतो. परंतु संपूर्ण प्रवास त्या वेगाने होत नाही. १०,००० फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, ही मर्यादा पाळावी लागते. उतरायची सुरुवातही प्रवाशांना वाटते त्यापेक्षा खूप आधी होते. दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल हा वैमानिकांचा जुना ठोकताळा आहे, आणि त्या हिशेबाने ३५,००० फुटांवरून येणारे विमान धावपट्टीपासून सुमारे १९५ किलोमीटर अलीकडेच खाली येऊ लागते. कानात दडे बसतात त्या वेळी गंतव्य शहर अजून दोन जिल्हे दूर असते. हे सगळे धरून मी अंतराला ८५० ने भागते आणि अर्धा तास मिळवते. पर्थ ते लंडन १४,५०० किलोमीटर, म्हणजे साडेसतरा तास. मार्च २०१८ पासून उडणाऱ्या थेट विमानाला प्रत्यक्षातही साधारण एवढाच वेळ लागतो. वारा नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

वारा असतो, आणि तो फार मोठा असतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांच्या वर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे पट्टे आहेत; त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुव यांच्या तापमानातला फरक त्यांना जोर देतो, पृथ्वीचे फिरणे त्यांना दिशा देते, आणि हिवाळ्यात तो फरक वाढला की त्यांचा वेगही वाढतो. १९२० च्या दशकात जपानच्या तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी आकाशात फुगे सोडून आणि त्यांचा मागोवा घेऊन या वाऱ्यांची नोंद केली. जगभरच्या अभ्यासकांना वाचता यावे म्हणून त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो भाषेत छापला, आणि नेमके त्यामुळेच तो फार थोड्या लोकांनी वाचला. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून पश्चिमेकडे जाणारी बॉम्बफेकी विमाने हवेत जवळजवळ खिळल्यासारखी होऊ लागली, तेव्हा कुठे या वाऱ्यांची सर्वांना खरी ओळख पटली. इतक्या काळजीपूर्वक केलेले काम इतकी वर्षे पडून राहिले, याची मला आजही हळहळ वाटते.

विमान हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किलोमीटरने जाते; हवाच १५० ने पुढे सरकत असेल तर जमिनीच्या सापेक्ष ते १,०५० ने जाते, आणि समोरून आलेला तोच वारा त्याला ७५० वर आणतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्या वेळी सियारा वादळामुळे अटलांटिकवरचा वारा विलक्षण वाढला होता आणि जमिनीच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाही त्याच्यासोबतच चालली होती. खरोखर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या कॉन्कॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हीच वाट २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत कापली होती. सर्वसाधारण दिवशी लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठ तासांच्या आसपास लागतात आणि परत यायला सातच्या आसपास. अटलांटिकवरचे हवाई मार्ग त्या दिवसाचा वारा पाहून दररोज नव्याने आखले जातात: पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी वाऱ्याला चुकवून, पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी वाऱ्याच्या पाठीवर बसवून.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते गणितात टिकत नाही. ५,४०० किलोमीटरची वाट धरू. वारा नसेल तर जायला सहा तास, यायला सहा, एकूण बारा. १५० चा वारा धरला तर एका बाजूने ५ तास ९ मिनिटे आणि दुसऱ्या बाजूने ७ तास १२ मिनिटे, एकूण १२ तास २१ मिनिटे. ती २१ मिनिटे कुठून आली? विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ असते आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी वेळ, म्हणून वाऱ्याचा अडथळा जास्त काळ सोसावा लागतो आणि मदत कमी काळ मिळते. स्थिर वारा येण्याजाण्याच्या एकाच वाटेवर दोन्ही वेळा असला की एकूण प्रवास लांबतोच.

याच्याच जोडीला एक गैरसमज आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला गंतव्य शहर आपणहून जवळ यायला हवे, असे मुलेच काय, मोठी माणसेही विचारतात. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते हे खरे, परंतु तिच्यावरची हवा, धावपट्टी आणि उभे असलेले विमान हे सर्व तिच्याबरोबरच फिरत असते; उड्डाण केल्याने तो वेग सुटत नाही.

वाऱ्याचे वजन किती असते हे मला दोन उदाहरणांतून नीट कळले. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१९ च्या अखेरीस बोइंग ७८७-९ विमानाने केलेल्या चाचणी उड्डाणांपैकी दोन पाहू. न्यूयॉर्क ते सिडनी सुमारे १६,२०० किलोमीटर झाले, लागले १९ तास १६ मिनिटे. लंडन ते सिडनी सुमारे १७,८०० किलोमीटर झाले, लागले १९ तास १९ मिनिटे. विमान त्याच जातीचे, वाट १,६०० किलोमीटरने जास्त, आणि वेळ तीन मिनिटांनी जास्त. लंडनहून निघालेले विमान पूर्वेकडे जात होते आणि न्यूयॉर्कहून निघालेले पश्चिमेकडे. दुसरे उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचे. बृहद्वृत्ताने हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब, पण वारा सगळीकडे पाठीमागून. प्रवास साडेचौदा तासांत होऊ लागला आणि जवळजवळ दोन तास वाचले. ज्याने फक्त अंतराचा आकडा पाहिला असता, त्याने हा निर्णय कधीच घेतला नसता.

तासांवर देशांच्या हद्दींचाही अंमल चालतो. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि ती वाट बहुतांश रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय विमानांना रशियाची हवाई हद्द बंद झाली, आणि नऊ-साडेनऊ तासांचा हा प्रवास एकाएकी तेरा तासांच्या घरात गेला. शहरे जागच्या जागी होती. विमाने आता एक तर उत्तर ध्रुवावरून जातात नाही तर दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे वळसा घालतात. शीतयुद्धाच्या काळात युरोपने हेच भोगले होते: सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन–टोकियो ही सेवा ध्रुवाजवळून, अलास्कातल्या अँकरेज येथे थांबा घेऊन सुरू केली, आणि पुढची तीन दशके अँकरेजचा विमानतळ दोन खंडांमधल्या प्रवाशांनी गजबजलेला राहिला. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकी–टोकियो हा प्रवास ध्रुवमार्गे न थांबता करून दाखवला. ती वाट २०२२ मध्ये पुन्हा उपयोगी पडली, हे वाचून मला बराच वेळ काही सुचेनासे झाले; माणसांनी आखलेल्या रेषांमुळे चार तास वाढणे हे वाऱ्यामुळे चार तास वाढण्यापेक्षा मनाला जास्त लागते.

दक्षिण गोलार्धात अडचण वेगळी आहे. सिडनी आणि सँटियागो ही दोन्ही शहरे ३३-३४ अंश दक्षिणेला आहेत, पण त्यांच्यामधला ताणलेला दोरा जवळजवळ ६२ अंशांपर्यंत, अंटार्क्टिकाच्या शेजारापर्यंत खाली जातो. अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर, आणि वाटेत उतरायला जागा जवळपास नाहीच. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडले, तर एका इंजिनावर ठरावीक वेळात कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता आले पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटे होती. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली, आणि आज एअरबस ए३५० सारख्या विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. या एका आकड्यातल्या वाढीने महासागरांवरच्या किती वाटा सरळ झाल्या, ते पृथ्वीगोलावर दोरा ताणल्याशिवाय ध्यानात येत नाही.

अंतर पंधरा हजारांच्या पुढे गेले की आणखी एक भार येतो, तो इंधनाचा. शेवटच्या तासात लागणारे इंधन पहिल्या सतरा तासांत वाहून न्यावे लागते, आणि ते वाहून नेण्यासाठीच जास्तीचे इंधन जळते. म्हणूनच इतके लांबचे विमान सुरुवातीला कमी उंचीवर उडते आणि हलके होत जाईल तसतसे टप्प्याटप्प्याने वर चढते. सिंगापूर ते न्यूयॉर्क या सुमारे १५,३५० किलोमीटरच्या सेवेसाठी सिंगापूर एअरलाइन्स वापरते त्या ए३५०-९०० यूएलआर विमानाची इंधनक्षमता १,६५,००० लिटर आहे, आणि वजन आवरण्यासाठी त्यात फक्त १६१ आसने ठेवली आहेत. वेळापत्रकात या प्रवासाला साडेअठरा तासांहून अधिक वेळ धरलेला असतो. मध्ये एक थांबा घेतला तर तीन-चार तास वाढतात. मी एकटी असेन तर थेट जाते; आई सोबत असेल तर थांबा घेते, कारण अठरा तास एका जागी बसून राहण्यापेक्षा मध्ये दोन तास पाय मोकळे केलेले तिला मानवतात. या बाबतीत लहान आकडा म्हणजे चांगला प्रवास, हे मला पटत नाही.

थांब्यांच्या संदर्भात मला नेहमी १९४७ साल आठवते. त्या वर्षी १ डिसेंबरला क्वांटासचे लॉकहीड कॉन्स्टेलेशन सिडनीहून लंडनला निघाले आणि डार्विन, सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो आणि ट्रिपोली असे थांबत चार दिवसांनी पोहोचले. त्याच्याही आधी, महायुद्धाच्या काळात १९४३ ते १९४५ दरम्यान, पर्थ आणि सिलोन (आजची श्रीलंका) यांच्यामध्ये कॅटलिना जातीची उडती बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारे विमान, न थांबता हिंदी महासागर ओलांडत असे. तिला २७ ते ३३ तास लागत, आणि प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसत असे. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या थोडे वर. आज त्याला सात तास पुरतील.

आता कागदावरच्या शेवटच्या ओळीबद्दल. तिकिटावर छापलेला कालावधी हा उड्डाणाचा नसतो. विमान दारापासून मागे ढकलले जाते तिथे घड्याळ सुरू होते आणि गंतव्य विमानतळावर ते पुन्हा दाराशी उभे राहते तिथे थांबते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची रांग, उड्डाण, उतरण्याआधी आकाशात घातलेल्या घिरट्या आणि उतरल्यानंतरचे रेंगाळणे हे सगळे त्यात असते, आणि रोजचा वारा वेगळा असल्यामुळे वेळापत्रक आखणारे त्यात थोडी मोकळीक धरून ठेवतात. म्हणून वैमानिक वीस मिनिटे आधी पोहोचत असल्याचे सांगतात तेव्हा विमान काही जास्त वेगाने आलेले असतेच असे नाही. त्या दिवशी ती राखून ठेवलेली मोकळीक वापरावी लागलेली नसते.

माझ्या हिशेबात मी मात्र गोळ्यांसाठी ब्लॉक टाइमच्या पुढे तीन तास धरते. आईच्या पर्समध्ये आता तेवढ्या तासांच्या गोळ्या आणि वर आणखी दोन असतात, आणि प्रत्येक पुडीवर निघतानाच्या शहराची वेळ लिहिलेली असते, म्हणजे पोहोचेपर्यंत तिने मनगटावरचे घड्याळ फिरवायचे नाही. मागच्या वेळी उतरताना ती खिडकीशी बसली होती. चाके टेकली, विमान बराच वेळ हळूहळू चालत राहिले, मग थांबले. खाली एक माणूस वाकून चाकांना ठोकळे लावत होता. आईने घड्याळाकडे पाहिले, माझ्या कागदावरच्या आकड्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अकरा मिनिटं आधी.”